समुद्राची साय

कालिंदी कुंजला यमुनेवर फेस आला, त्याच आठवड्यात आमच्या घरातल्या समुद्रावर साय धरली. साय म्हणजे अगदी सायच, एका कडेनं बोटानं उचलली तर अखंड निघणारी. रंग तेवढा वेगळा. कोकमाच्या आगळाची बाटली ओट्यावर कलंडावी आणि घरात कुणीच ती पुसू नये, तसा. सकाळी पांढऱ्या वाळूवर दोन-चार ठिपके असायचे. टाकीचे दिवे लागले की ते हातपाय पसरायचे, दुपारपर्यंत एकमेकांना भेटायचे आणि संध्याकाळी मी ऑफिसातून येईपर्यंत सगळीकडं लाल गालिचा. त्यात हवेचे बुडबुडे मोत्यांसारखे अडकलेले. रात्री दिवे मालवले की पाहुणे निम्मेशिम्मे गायब.

“बाबा, टाकीला गोवर आलाय,” मुलीनं निदान केलं.

“गोवर आपणहून जातो,” बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. “आणि गोवराला इतका खर्च येत नाही.”

हा समुद्र घरात आला कसा, ते आधी सांगायला हवं. मी मालवणचा. सतरा वर्षं नोएडात आहे, अकराव्या मजल्यावर. इथून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र आठशे किलोमीटरच्या अलीकडं भेटत नाही. दिल्लीत तो येतो तो बर्फात घातलेला, आयएनए मार्केटात, आणि तिथल्या बांगड्याच्या डोळ्यांकडं बघून माझ्याच डोळ्यांत पाणी येतं. इतर लोक गावची आठवण आली की गावाला जातात. मी तीन फुटी काचेची टाकी आणली. दोनशे लिटरची, दसऱ्याचा मुहूर्त साधून. वाळू, दगड, पाणी धरून तिचं वजन तीनशे किलोच्या घरात गेलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी “भाईसाहब, नीचे वाले फ्लैट में बुज़ुर्ग रहते हैं” एवढंच सांगितलं आणि सूचक नजरेनं फरशीकडं पाहिलं.

गोड्या पाण्यातले मासे पाळणारा माणूस मासे पाळतो. खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारा पाणी पाळतो. हे कळायला मला दोन महिने लागले. आमच्या सोसायटीच्या नळाखाली मी टीडीएसचं मीटर धरलं, तर आकडा आला ९४०. असल्या पाण्यात समुद्र विरघळवायचा नसतो, ते आधी आरओतून गाळायचं आणि मग रेझिनच्या नळीतून पुन्हा गाळायचं. मी काटकसरी. म्हटलं, स्वयंपाकघरात आरओ आहेच की. आठ दिवस बादल्या भरल्या. एक बादली चांगलं पाणी आलं की तीन बादल्या वाया जाणारं, त्यात सगळ्या इमारतीची जमीन पुसून निघाली असती. घरच्या आरओत एक छोटा खटका असतो, तो चवीसाठी म्हणून थोडं कच्चं पाणी हळूच परत मिसळतो, हे मला फार उशिरा समजलं. माणसाच्या जिभेला जे गोड लागतं ते पुढं टाकीत कुणाकुणाला गोड लागलं, ते येईलच.

मग मीठ. लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबानं दोनशे लिटरला सात किलो. स्वयंपाकाचं चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि आणखी काय काय मोजून घातलेलं परदेशी मीठ बादलीतून येतं, आणि त्या बादलीच्या किमतीत दोघांनी राजधानीनं रत्नागिरीपर्यंत जावं. १९३० साली आमच्याकडच्या शिरोड्याला लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. त्याच मुलखातला मी, भर नोएडात, आयात केलेलं मीठ मोठ्या काठीनं पिंपात ढवळत उभा. बायकोनं याचा फोटो काढला आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला.

प्रवाळ मात्र माझ्या टाकीत नाही. दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. दिवाणखान्यात वाघ बांधायचा नाही, तसं समुद्रातलं प्रवाळही उचलून आणून मांडायचं नाही. योग्यच आहे. आमच्या मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात तोंड घातलं की प्रवाळ दिसतं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, तिथं तर प्रवाळाची वस्तीच आहे. ही एकच बँक, जिचं मी अजून काही देणं लागत नाही. तेव्हा आमचं प्रवाळ-टाकं म्हणजे भाजक्या मातीचे सच्छिद्र दगड, पांढरी वाळू आणि पुढं यायचे असलेले दोन मासे. दगड कारखान्यातून आलेले, कोरडे, निर्जीव. ही निर्जीव शुद्धता हीच माझी चूक होती. रिकाम्या प्लॉटवर दिल्लीत जे होतं तेच तिथं झालं. मालक येण्याआधी तिऱ्हाइतांनी कब्जा घेतला.

पहिली टोळी पांढरी. चौथ्या दिवशी टाकीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. दगड दिसेनात, मागची भिंत दिसेना. दक्षिण दिल्लीतल्या ज्या दुकानातून सामान आणलं होतं तिथं फोन लावला. दुकानदार शांतपणे म्हणाला, “बैक्टीरिया है जी.” मी विचारलं, मग औषध? “बैक्टीरिया की बोतल डालो जी.” म्हणजे रोग बॅक्टेरिया, औषधही बॅक्टेरिया, आणि पैसे दोन्हीचे मीच द्यायचे.

पण तो खरं सांगत होता. पाण्यात सडकं अन्न सापडलं की एका जातीचे बॅक्टेरिया तासातासाला दुप्पट होत सुटतात, प्राणवायू फस्त करतात, आणि अन्न संपलं की आपोआप ओसरतात. लग्नाच्या मांडवातली गर्दी. जेवणं संपली की मांडव रिकामा. आपण फक्त हवेचा पंप जोरात लावून बसायचं. ज्यांची खरी गरज असते ते बॅक्टेरिया दुसरे. ते सरकारी नोकरीत आहेत. पहिल्या टेबलावर अमोनियाचं नायट्राइट होतं, दुसऱ्या टेबलावर नायट्राइटचं नायट्रेट. दोन्ही जीवघेण्या विषांचं शेवटी साधारण निरुपद्रवी काहीतरी होतं. पहिल्या टेबलानं फाइल पुढं ढकलल्याखेरीज दुसरं टेबल जागंच होत नाही, आणि एकूण कामाला चार ते सहा आठवडे. अर्जंट म्हणून चालत नाही, ओळख चालत नाही. मी बाटली ओतली, ती म्हणजे चहापाण्याचे पैसे. फाइल जरा हलल्यासारखी वाटली.

या दरम्यान टेबलांना काम मिळावं म्हणून रिकाम्या टाकीत रोज माशांच्या खाण्याचे चार दाणे टाकायचे असतात. मासे नसलेल्या पाण्याला मी रोज सकाळी भक्तिभावानं दाणे घालतोय, हे कामाला येणाऱ्या दीदीनं तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी तिनं बायकोला बाजूला घेऊन विचारलं, “साहब ठीक हैं ना?”

दिवाळीत दगडांवर तपकिरी भुकटी धरली. हे डायटम. त्यांना घर बांधायला सिलिका लागते, आणि आमच्या आरओच्या त्या चवदार खटक्यातून ती मुबलक येत होती. त्यांचं काही फार मनावर घेतलं नाही. ते आले, फराळाबरोबर राहिले, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास गेले. या मोकळ्या दिवसांत मी दोन क्लाउनफिश आणले, आपल्याकडंच हॅचरीत वाढवलेले. हे मासे सगळे नर म्हणून जन्मतात, मग जोडीतला दांडगा मादी होतो आणि घर त्याच्या, म्हणजे तिच्या, ताब्यात जातं. आमच्याकडं दांडगा कोण, हा निकाल दोन दिवसांत लागला. बायकोला तेव्हापासून टाकीत थोडा रस वाटू लागला.

आणि मग लाल.

लाल आला म्हणताच सल्ल्यांचा पूर आला. दिल्लीत कुणाला पत्ता विचारा, माहीत नसला तरी सांगतील, सल्ल्याचंही तसंच. लिफ्टमधल्या काकांनी फिटकरी सुचवली. ऑफिसातल्या एकानं मासे विकून कबुतरं पाळायला सांगितलं. शेजारच्या आंटी हरिद्वारहून आणलेल्या गंगाजलाची लुटिया घेऊनच आल्या. “दो बूँद डाल दो बेटा, इसमें कीड़ा नहीं पड़ता.” मी हसलो, आणि ते हसणं जरा लवकर झालं. अर्नेस्ट हँकिन नावाच्या, आग्र्यात काम करणाऱ्या ब्रिटिश जीवाणूशास्त्रज्ञानं १८९६ साली लिहून ठेवलंय की गंगा आणि यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू झपाट्यानं मरतात. पुढं जीवाणू खाणारे विषाणू सापडले, तेव्हा कित्येकांनी त्याचं श्रेय या विषाणूंना दिलं. आंटी शास्त्राच्या बाजूनं होत्या, शास्त्राला ते ठाऊक नव्हतं इतकंच. तरी दोन थेंब मी घातले नाहीत. तुळशीत घातले.

हँकिनच्या यादीतल्या यमुनेचं आज काय झालंय ते कालिंदी कुंजला दिसतं. छठच्या दिवसांत कमरेइतक्या फेसात उभं राहून बायका अर्घ्य देतात, आणि दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत असतो. साबण, सांडपाणी आणि त्यातलं फॉस्फेट तिथल्या ओखल्याच्या बंधाऱ्यावरून आपटलं की फेस होतो. माझ्या टाकीखाली स्किमर नावाचं एक यंत्र आहे, तेही हेच करतं. पाण्यात बारीक बुडबुडे सोडायचे, घाण बुडबुड्याला चिकटून वर येते, फेस वाटीत जमतो, वाटी बेसिनमध्ये रिकामी करायची. वास असा की बेसिननं नाक धरावं. म्हणजे बघायला गेलं तर ओखल्याचा बंधारा हा आशियातला एक जंगी स्किमरच आहे. वाटी रिकामी करणारा तेवढा नेमायचा राहून गेलाय.

शेवटी मी केमिस्टकडं गेलो. लाल सायीवर एरिथ्रोमायसिन चालतं असं वाचलं होतं. काउंटरवरच्या पोरानं चष्मा वर सरकवून विचारलं:

“किसके लिए?”

मी जरा घुटमळून म्हणालो, घर में है.

“उम्र?”

“दो महीने.”

त्याचा चेहरा मऊ झाला. “वज़न कितना है बच्चे का?”

“तीन सौ किलो.”

औषध मिळालं नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते द्यायचंही नसतं, आणि नंतर वाटलं, बरंच झालं. या औषधाला लाल कोण आणि आमची दोन टेबलं कोण, हा फरक नीट कळतोच असं नाही. सहा आठवडे खपून उभं केलेलं खातं एका गोळीत निवृत्त झालं असतं.

मग मी नळीनं ओढून काढायचं ठरवलं. एक टोक सायीवर, दुसरं तोंडात, एक झुरका घ्यायचा आणि पाणी येताच टोक बादलीत सोडायचं. लहानपणी स्कूटरमधलं पेट्रोल असंच काढलं होतं. पण पेट्रोलचा अंदाज वेगळा आणि समुद्राचा वेगळा. घोटभर तोंडात गेलं. गचगचीत, खारट, मागून चिखलाची आणि कुजक्या चिपाडाची चव. मी बेसिनकडं धावलो, चूळ भरली, आणि मधेच थांबलो. ओहोटीला खाडीत चिंबोऱ्या धरताना पाय घसरून तोंडावर पडलो होतो, तेव्हा हीच चव तोंडात गेली होती. इतका पैसा ओतून त्या टाकीत मला मालवण सापडलं ते एवढंच, आणि ते मी थुंकून टाकलं होतं.

आठवड्यातून तीनदा ओढायचो, तरी साय यायची. जितकं स्वच्छ करायचो तितकी दाट. नायट्रेट मोजलं तर शून्य. फॉस्फेट थोडंसं. शून्य बघून मी खूश, बायकोला बोलावून दाखवलं. आणि कळ तिथंच होती. आल्फ्रेड रेडफिल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात समुद्राचा एक हिशेब मांडायला घेतला. समुद्रातल्या तरंगत्या जिवांच्या अंगात नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण ढोबळ मानानं सोळाला एक असं असतं. मी नायट्रोजनचे सोळाच्या सोळा उपसून टाकले होते आणि फॉस्फरसचा एक तसाच सोडला होता. बाकीची सारी बारीकसारीक मंडळी उपाशी मेली. या लाल मंडळींतल्या काही जाती मात्र हवेतला नायट्रोजन खाऊन राहतात. पंगत उठवली, पानं उचलली, आणि वाऱ्यावर जगणारा तेवढा पाहुणा मांडवात एकटा उरला. शिवाय टाकीच्या कोपऱ्यात पाणी हलत नव्हतं, ते त्याला आयतंच.

पाहुण्याचं नाव सायनोबॅक्टेरिया. जुनं नाव नील-हरित शेवाळ, पण ते शेवाळ नाही, आणि माझ्याकडं तर निळंही नाही नि हिरवंही नाही. मी चिडून त्याची कुंडली काढली. ती वाचून माझा आवाजच बसला. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी या पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्या कृपेनं. सायीतले ते मोती म्हणजे ताजा प्राणवायू! नोव्हेंबर संपत आला होता, बाहेर हवेचा निर्देशांक चारशेच्या वर, बाल्कनीतून समोरचा टॉवर दिसत नव्हता. याच दिल्लीत २०१९ साली साकेतच्या एका मॉलमध्ये पंधरा मिनिटं ऑक्सिजन हुंगायचे २९९ रुपये घेत होते. आणि अशा गावात, तोंडावर मास्क लावून, मी तीन फुटांच्या टाकीतून जगातले आद्य प्राणवायूवाले उपसून संडासात ओतत होतो.

आणखी लागलं ते पुढंच. आमच्या घरापासून मेट्रोनं तासा-दीड तासावर पुसाची भारतीय कृषी अनुसंधान संस्था. तिथं याच कुळाचा राष्ट्रीय संग्रह आहे. एकेक जात वेगळ्या काचेत, मोजलेला उजेड, मोजलेलं तापमान, पगारी शास्त्रज्ञ. भातशेतीत नत्र पुरवायला हे फुकटचे मजूर उपयोगी पडतात म्हणून त्यांची पैदास करतात. तिकडं मराठवाड्याच्या शिवेवर लोणारचं पाणी हिरवं दिसतं ते यांच्याच भाऊबंदांमुळं. २०२०च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं हॅलोआर्किया नावाच्या मीठखाऊ सूक्ष्मजीवांकडं बोट दाखवलं. लोणार गुलाबी झालं की बातमी होते, हायकोर्ट लक्ष घालतं. माझी टाकी लाल झाली की फक्त बायको लक्ष घालते.

उपाय अखेर गोधडीचा निघाला. खाणं निम्म्यावर, कोपऱ्यात एक जादा पंखा, पाण्यासाठी एकदाची रेझिनची नळी, आणि तीन दिवस पूर्ण अंधार. आईनं जुन्या नऊवारीची शिवलेली गोधडी टाकीभोवती गुंडाळली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आवळली. दिवाणखान्यात मधोमध झाकलेली ती लांबट पेटी आणि तिच्याखालून येणारी पंपाची घरघर. आंटी प्रसाद द्यायला आल्या, दारातच थबकल्या, पदर डोक्यावर घेतला आणि हळू आवाजात विचारलं, “कब हुआ?”

तिसऱ्या रात्री गोधडी काढली. वाळू पांढरी. मादी पुढं, नर तिच्या मागं, दोघं दिव्याकडं डोळे किलकिले करून बघत होते. मुलीनं टाळ्या वाजवल्या. मी मात्र मागच्या दगडाशी टिकलीएवढा एक लाल ठिपका पाहिला होता. कुणी बघत नाहीसं पाहून बोटानं त्यावर वाळू सारली.

रविवारी गावाहून काकांचा फोन आला. मी उपसलेल्या सायीची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली, नाव सांगितलं, पुसाचंही सांगितलं. पलीकडं बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कट झाला.

“मेल्या,” काका म्हणाले, “भातात टाकूक हय आमी त्याची पुडी इकत आणतो. हेक्टराक धा किलो. आणि तू बादलीन संडासात वततंस?”

मी म्हटलं, काका, हे खाऱ्या पाण्यातलं आहे, भाताला चालणार नाही.

“ता मी बघतंय,” काका म्हणाले. “मिरगापर्यंत टिकतला मां?”

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी टॉर्च घेऊन टाकीशी गेलो आणि मागच्या दगडाजवळची वाळू बोटानं बाजूला केली. ठिपका जागेवर होता. टिकलीचा आता रुपया झाला होता.